बनफशाच्या खानदानातलं तण

खोली भाड्यानं देण्याआधी आपांनी मला एकच प्रश्न विचारला. पगार किती, लग्न झालंय का, मित्रमंडळी किती येणार, असलं काही नाही.

"चालताना समोर बघता का खाली?"

"खाली," मी म्हणालो.

"पक्कं?"

"सवयच आहे."

त्यांनी ओढणीच्या टोकाची गाठ सोडून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी खाली बघतो ते मोबाईलमध्ये, एवढा तपशील मी दिला नाही. त्यांनीही मागितला नाही. बेगमपुऱ्यातल्या त्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं राहिलो. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला माझा स्वतःचा फ्लॅट आहे. त्याला बाल्कनी आहे, बाल्कनीत माती नाही, आणि मला ओळखणारे लोक म्हणतात की तेच बरं आहे.

आपा उर्दू शाळेत सायन्स शिकवून रिटायर झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "वर्गात साठ पोरं होती. घरी आणखी एक कशाला?" मला त्यांनी नावानं हाक कधीच मारली नाही. मी 'किरायेदार' होतो. "किरायेदार, नळ आला." "किरायेदार, तुमचं दूध उतू चाललं." एकदा मला ताप आला तेव्हा खिमट घेऊन वर आल्या आणि दारातून म्हणाल्या, "किरायेदार, जिवंत आहात का?" त्यातल्या त्यात तो लाडाचा सूर होता.

घरापुढं अंगण होतं. दोन गाड्या बसतील एवढं. हे माप माझं नाही, आपांच्या भावाचं आहे. भाऊ शेजारच्याच घरात राहायचा, भिंतीला भिंत. पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, शहागंजात बुटांचं दुकान. आपा त्याला 'छोटे' म्हणायच्या. तो बाराही महिने पांढरे बूट घालायचा. बुटांच्या दुकानदाराचे बूट पांढरे दिसले की गिऱ्हाइकाला धीर येतो, असं त्याचं म्हणणं. अंगण कागदावर दोघांचं होतं आणि भांडणही दोघांचं होतं. छोटेंना तिथं सिमेंटचे गट्टू बसवायचे होते. आपांना तिथं बनफशा पसरवायचा होता.

मी राहायला गेलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, आणि त्या अंगणात बनफशा, गवत किंवा हिरवं म्हणता येईल असं काही नव्हतं. वाळलेल्या काड्या आणि ढेकळं. मला वाटलं, बाईंचा विचार अजून विचारातच आहे.

हा विचार त्यांच्या डोक्यात कुठून आला, ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यांच्या अब्बांचं सिटी चौकाकडं युनानी औषधांचं दुकान होतं. सर्दी-पडशाच्या काढ्यात बनफशा लागतो. तो काश्मीरकडून पोत्यांतून यायचा, चुरा झालेला, वाळका. अब्बांनी जन्मभर बनफशा विकला, पण ताजं फूल डोळ्यांनी कधी बघितलं नाही. मात्र एका पावसाळ्यात टेकडीवर फिरताना त्यांनी लहानग्या आपांना वाकून गवतातलं एक झुडूप दाखवलं होतं. "हा पण बनफशाच्याच खानदानातला. गरीब रिश्तेदार. पण इथला आहे, पाणी मागत नाही."

हे रोप कसं दिसतं, पान कसं, फूल कसं, हे सगळं आपांनी मला बारकाईनं सांगितलं. त्या वेळी मी खाली बघत होतो. मोबाईलमध्ये 'बनफशा' असं टाकून शोधत होतो. मोबाईलनं निळी फुलं दाखवली, हृदयाच्या आकाराची गुबगुबीत पानं दाखवली, मागं बर्फ दाखवला. मी म्हणालो, "वा, फारच सुंदर आहे." आपांना वाटलं, मी त्यांच्या बोलण्याला म्हणतोय.

अंगणाच्या बाबतीत आपांचे कायदे होते. पहिला कायदा, पाणी नाही. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा. त्या दिवशी सगळी गल्ली ड्रम, टाक्या, घागरी, झालंच तर बाळाचा अंघोळीचा टब भरून ठेवायची. आपा अंगणाला वाटीभर पाणी देत नसत. "जे माझ्या नळाकडं बघून जगतं त्याला मी पाळत नाही. पाळायला छोटे आहे."

दुसरा कायदा मुंग्यांचा. रोज सकाळी आपा चिमूटभर साखर घेऊन अंगणात उतरायच्या आणि जिथं जमीन उघडी दिसेल तिथं दोन-दोन दाणे टाकायच्या. बनफशाच्या बीला एक गोडसर बोंडूक असतं. मुंग्या त्यासाठी बी उचलून नेतात, बोंडूक खातात, बी टाकून देतात, तिथं रोप येतं. मुंग्यांनी बी कुठं न्यावं याबद्दल आपांची मतं होती, आणि ती मुंग्यांना कळावीत म्हणून साखर होती. "हे माझे मजूर," त्या म्हणायच्या. मी एकदा माझ्या जिन्यात मुंग्यांच्या खडूची रेघ मारली. आपांनी स्वतः ओलं फडकं घेऊन ती पुसली.

"मजुरांच्या रस्त्यावर विष टाकता? उद्या संप झाला तर बी उचलायला तुम्ही याल का?"

मी येणार नव्हतो. तेव्हापासून माझ्या साखरेच्या डब्यात मजूर राहायचे.

त्याच हिवाळ्यात त्यांनी माझ्यावर पहिलं काम सोपवलं. बनफशाची मिऱ्याएवढी गोल बोंडं, परातभर, वर मलमलची ओढणी घट्ट बांधलेली. "गच्चीवर उन्हात ठेवा. संध्याकाळी आणून द्या." मी शेतकऱ्याचा मुलगा. वाळवण झाकून वाळत नाही, हे आम्हाला बाळकडूत मिळतं. मी ओढणी सोडली, नीट घडी घातली, बोंडं पसरली आणि चहा करायला गेलो. परत आलो तर परातीत नुसती फोलं, तीन-तीन फाकांची उघडलेली. बी एकही नाही. मी ताबडतोब खाली जाऊन छोटेंच्या कोंबड्यांवर आळ घेतला. छोटेंनी कोंबड्यांची बाजू घेतली. आवाज ऐकून आपा वर आल्या, गच्चीवर उकिडव्या बसल्या आणि बोटानं दाखवू लागल्या. टाकीखाली बी. कठड्याशी बी. माझ्या वाळत घातलेल्या शर्टाच्या खिशात बी.

"ऊन लागलं की बोंड फुटतं आणि बी लांब उडवतं. ओढणी कशाला बांधली होती?"

मी सगळी गच्ची झाडून त्यांना पिशवीभर ऐवज दिला. चष्मा लावून, एक जुनं पोस्टकार्ड घेऊन त्या निवडत बसल्या. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. एक छोटी पुडी दाखवली. "बी." मग एक मोठी पुडी दाखवली. "तुमच्या गच्चीचं प्लास्टर."

पण भाऊ-बहिणीतल्या शर्तीचं सांगायचं राहिलं. छोटेंच्या मुलीचं लग्न येत्या दिवाळीनंतरचं ठरलं, आणि उन्हाळ्यातल्या एका रविवारी भाऊ-बहीण पायरीवर बसून बोलले. मी जिन्यात बूट घालत होतो. बूट घालायला मला बराच वेळ लागला.

"पाहुणे येतील, आपा. चिखलातून येतील का? गट्टू टाकू."

"बनफशा पसरला की चिखल राहत नाही."

"दोन पावसाळे झाले. पसरतोयच आहे."

"पहिल्या साली मूळ धरतं. दुसऱ्या साली बी टाकतं. तिसऱ्या साली पसरतं."

"हौ, आणि चौथ्या साली गाडी चालवतं."

अखेर ठरलं ते असं. ऑगस्ट संपायच्या आत, एखादा चांगला पाऊस पडून गेला की छोटे आपले पांढरे बूट घालून फाटकापासून पायरीपर्यंत अंगणातून सरळ चालत येणार. दोन्ही बुटांचे तळ स्वच्छ राहिले, तर अंगण आपांचं, पुन्हा गट्टूचं नाव नाही. एकाला जरी चिखल लागला, तर आपांनी स्वतः गट्टूवाल्याला फोन करायचा. हातावर हात मारला गेला. आपांनी आयुष्यात मोडलेला शब्द मला तरी माहीत नाही.

पावसाळा लागला आणि अंगण हिरवं झालं. महिन्याभरात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. आपा सकाळी उठून फाटकापर्यंत जायच्या, परत यायच्या आणि स्वतःच्या चपलांचे तळ उलटे करून बघायच्या. मी वरून बघायचो. मला दिसायचं ते एवढंच की अंगणभर बारीक, लांबट पानांचं काहीतरी माजलंय, आणि कोपऱ्यात मात्र हृदयाच्या आकाराच्या पानांचं रोप हळूहळू वर येतंय. मी मनात म्हणालो, आला बिचारा.

जुलैच्या शेवटी माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आम्ही त्यांना दादा म्हणतो. देवगाव रंगारीहून एसटीनं आले, ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवं फडकं लागलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की आठ दिवस वाकायचं नाही. खुरपणीच्या दिवसांत शेतकऱ्याला वाकू नको म्हणणं म्हणजे काय, ते डॉक्टरांना कुठून कळणार? त्याच शनिवारी आपा पैठणला मावसबहिणीकडं गेल्या. जाताना म्हणाल्या, "किरायेदार, अंगणाकडं लक्ष ठेवा."

दादा पायरीवर बसले. उघड्या डोळ्यानं अंगण बघत राहिले. मग म्हणाले, "आरं, ह्या बाई मास्तरीण हायत ना?"

"हो."

"आन् दारात एवढं तण?"

"त्यांना तिथं फुलझाडं पसरवायची आहेत, दादा. फार हौस आहे."

"पसरंल कशी? जागा कुठाय?"

दादा उठायला लागले. मी त्यांना खाली बसवलं.

"डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलंय."

"मंग तू वाक. का कंपनीत जाऊन इसरला?"

मी कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातली खोट काढायचा मला पगार मिळतो. मला प्रमोशन मिळालं तेव्हा दादा फोनवर "बरं" म्हणाले होते आणि लगेच विहिरीच्या मोटारीचं विचारलं होतं. जिन्याखाली एक गंजलेलं खुरपं सापडलं. मी पँट वर खोचली आणि फाटकापासून पात धरली.

"वरून तोडू नगं, मुळासकट घे."

"घेतोय."

"तिकडं एक ऱ्हायलं. त्ये नाय, त्याच्या बाजूचं. आरं, मला एका डोळ्यानं दिसतंय आन् तुला दोन असून दिसंना?"

दोन तास मी खुरपलं. कंबर मोडली, बोटांना फोड आले, पण ओळ सोडली नाही. कोपऱ्यात आलो तेव्हा खुरपं बाजूला ठेवलं आणि हातानं, जपून, हृदयाच्या पानांचं ते एकुलतं रोप मोकळं केलं. एक काडी रोवून दोऱ्यानं बांधलंसुद्धा.

"ह्ये का ठिवलं?"

"हाच तो बनफशा, दादा."

"आमच्याकडं ह्याला गारवेल म्हणत्यात."

"दिसायला सारखी असेल."

मी उपटलेल्या तणाचा ढीग चिंचेखाली रचला, त्यावर दादांच्या सांगण्यावरून ओलं पोतं टाकलं, कारण कुणाच्या तरी शेळीला होईल. अंगण काळं, भुसभुशीत, तळहातासारखं साफ झालं होतं. दादांनी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "हात गेला नाय तुझा अजून."

माझे डोळे भरून आले. मी लगेच फोटो काढला आणि आपांना पाठवला. खाली लिहिलं, 'लक्ष ठेवलं आहे.'

पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'हात लावू नका.'

मी लिहिलं, 'आता काही राहिलंच नाही.'

आपा पुढच्या एसटीनं परत आल्या. फाटक उघडलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. पिशवी हातातच होती. बराच वेळ त्या अंगणाकडं बघत राहिल्या आणि मी त्यांच्याकडं, शाबासकी कुठून सुरू होते याची वाट पाहत.

"किती वेळ लागला?"

"दोन तास, आपा."

"दोघांनी?"

"मी एकट्यानं. दादा सांगत होते."

"एका डोळ्यानं?"

"एका," दादा म्हणाले.

"माशाअल्लाह," आपा म्हणाल्या.

त्या कोपऱ्यात गेल्या. माझं दोऱ्यानं बांधलेलं रोप त्यांनी काडीसकट एका हिसक्यात उपटलं आणि माझ्या हातात दिलं. "गारवेल." दादांनी माझ्याकडं बघितलं. काही बघण्यांना एक डोळा पुरतो. मग आपांनी चिंचेखालच्या ढिगातून एक काडी ओढली. बारीक, लांबट पानं, आणि पानाच्या बगलेत मुगाएवढी कळी. नखानं त्यांनी ती उघडून दाखवली. आत एकच पाकळी मोठी, गुलाबी-जांभळी, खाली लोंबणारी. बाकीच्या नावापुरत्या.

"हा बनफशा. तुमच्या लोकांत रतनपुरुष म्हणतात. पुरुषाला अंगणात घेऊन मी काय करू, म्हणून मी बनफशा म्हणते."

हे त्या ओरडून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या वर्गात सांगतात तसं बोलल्या. मग पायरीवर बसल्या. पायांजवळ पिशवी, हातात ती काडी. तीन पावसाळे, मी मनात म्हणालो. तीन पावसाळे, दोन तास. ऑगस्ट लागला होता. मी चहा करून आणला, तो त्यांनी बाजूला ठेवला, आणि तो तिथंच गार झाला.

दादा शेवटी खाकरले. "बाई, मेलं नाय अजून."

आपांनी वर बघितलं.

"पोतं ओलं हाय, सावली हाय. मिरचीचं रोप दोन दिस तगतं. ह्ये तर तण. मी सारा जन्म मारतोय, मला कधी मेलेलं घावलं नाय."

"पाटील, याचं मूळ लांब असतं. उचलून लावलेलं धरत नाही."

"समदं धरणार नाय. आर्धं धरंल. न्हायतर गेलंच हाय."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दुपार ती. दादांना कांद्याची लागवड माहीत होती, म्हणून बनफशाची लागवड कांद्यासारखी झाली. सुतळी ताणून ओळी, वीतभर अंतर, अंगठ्यानं भोक, रोप, माती दाब. आपांनी हरकत घेतली. "पाटील, हे जंगलातलं झाड आहे. ते ओळीत उभं राहत नाही. मी तीस वर्षं पोरं उभी करून बघितली, तीसुद्धा राहत नाहीत." दादा म्हणाले, "ओळीबिगर हात चालत नाय, बाई." हात माझे होते, पण ते कुणी विचारात घेतलं नाही. आपा रोपं निवडून देत होत्या, दादा पायरीवरून ओरडत होते, मी गुडघ्यावर सरकत होतो. सकाळी उपटताना जेवढा अभिमान वाटला होता, तेवढा सगळा मी एकेक करून जमिनीत परत गाडला.

ढिगातली निम्मी रोपं जगली. दादांचा अंदाज चुकला नाही. दोन आठवड्यांत ओळी हिरव्या झाल्या आणि मधल्या जागा काळ्या राहिल्या. शेजारच्या बायका फाटकातून डोकावून विचारायच्या, "आपा, कांदे लावले काय?" आपा म्हणायच्या, "हौ."

मी रोज सांगत होतो की मी छोटेंकडं जातो, खरं काय ते सांगतो, पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुदत मागतो.

"शर्त माझी आणि त्याची आहे," आपा म्हणाल्या. "त्यात किरायेदार नाही."

मग एका गुरुवारी धो धो पाऊस पडला आणि शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर छोटे आले. पांढरे बूट, नवे कोरे. दुकानातनं मुद्दाम काढून आणले असावेत. दादांची डोळ्याची तपासणी होती म्हणून तेही आले होते, ते पायरीवर. मी जिन्यात. आपा दारात.

छोटे फाटकापासून निघाले. जाड माणूस, पण मांजरासारखा चालला. पहिलं पाऊल ओळीवर पडलं, दुसरं मधल्या मातीत. तिसरं ओळीवर, चौथं मातीत. दादांनी अंतर कांद्याचं ठेवलं होतं, छोटेंच्या ढांगेचं नाही. पायरीपाशी येऊन ते वळले, एका हातानं भिंत धरली आणि बूट उचलून दाखवले. उजवा लग्नाला घालून जावा इतका स्वच्छ. डाव्याला किलोभर चिखल.

छोटेंनी स्वतःच दोन्ही बुटांकडं आळीपाळीनं बघितलं.

"अर्धं-अर्धं करू, आपा," ते म्हणाले. "चाकांपुरते दोन पट्टे गट्टू, बाकी तुझं."

"शर्त दोन्ही बुटांची होती."

"मी म्हणतोय ना, चालतंय मला."

"मला नाही चालत. तू जिंकलास. गट्टूवाल्याचा नंबर दे."

"एवढं विरळ कसं झालं पण या साली? मागच्या महिन्यात तर…"

"मुंग्यांनी दगा दिला," आपा म्हणाल्या.

आपांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. तेही इतकं वाईट की दादांनी मान खाली घातली. मजुरांवर आळ घेतला त्या बाईनं, माझ्यासाठी. आता गप्प बसणं मला जमलं नाही. मी जिना उतरलो.

"मुंग्यांचा काही दोष नाही, भाईजान. हे सगळं मी उपटलं. मला ते तण वाटलं. आपा नव्हत्या, मी मुळासकट उपटलं."

"ते माहीत आहे मला," छोटे म्हणाले.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

आपा दारातून एक पायरी खाली आल्या. "कसं माहीत?"

छोटेंनी बूट खाली ठेवला. "गच्चीवर होतो त्या दिवशी. कबुतरांना दाणे टाकत होतो."

"कधीपासून?"

"म्हणजे…"

"छोटे. कधीपासून?"

"पहिल्या ओळीपासून," छोटे म्हणाले. पंचावन्न वर्षांचा माणूस, फळ्यापुढं उभा केल्यासारखा. "मला वाटलं, तूच सांगितलं असशील काढायला."

हे त्यांना वाटलं नव्हतं, हे आम्हा चौघांनाही कळलं, त्यात ते स्वतःही आले.

"दोन तास बघत होतास," आपा म्हणाल्या. "आणि एक हाक नाही मारलीस."

त्या आत गेल्या. आम्ही तिघं बाहेर. दादांनी बंडीच्या खिशातून तंबाखू काढली, छोटेंपुढं धरली. छोटे तंबाखू खात नसत, पण त्यांनी घेतली. आपा बाहेर आल्या त्या ओलं फडकं घेऊन. ते त्यांनी छोटेंच्या हातात दिलं. "बूट पूस. वाळला की डाग जात नाही." आणि दुसऱ्या हातातला मोबाईल पुढं केला. "आता नंबर सांग गट्टूवाल्याचा."

छोटे पायरीवर बसले आणि डावा बूट काढून पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"नंबर नाही माझ्याकडं," ते म्हणाले.

"मागच्या आठवड्यात त्याच्याशीच बोलत होतास."

"हरवला." थोड्या वेळानं म्हणाले, "शर्त मोडली, आपा. त्या दिवशी गच्चीवर मोडली. मीच मोडली. आता तुझं अंगण आहे, तुला काय करायचं ते कर, पण मला सारखं विचारू नको."

आपांनी मोबाईल ओढणीत गुंडाळला. खाली उतरल्या, छोटेंच्या चिखलातल्या पावलानं दोन रोपं कलली होती ती सरळ केली आणि त्यांच्याभोवतीची माती अंगठ्यानं दाबली. दादांनी शिकवली होती तशीच.

लग्न दिवाळीनंतर झालं. दादांना आपांनी स्वतः फोन करून बोलावलं. काळा गॉगल लावून आले होते, डोळा बरा झाला होता. पाहुण्यांच्या खुर्च्या अंगणातच मांडल्या होत्या. तोवर बनफशाच्या ओळी एकमेकींत मिसळल्या होत्या, पण थंडीनं पानं पिवळी पडत चालली होती, बोंडं फुटत होती, आणि फुलं म्हणाल तर शोधून चार सापडली असती. मुलाकडची एक थोराड बाई, जरीच्या साडीत, दादांशेजारच्या खुर्चीवर बसली. तिनं पायाखाली बघितलं, नाक मुरडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लग्नाचं घर आहे. निदान हे एवढं गवत तरी काढून घ्यायचं."

आपा सरबताचा ट्रे घेऊन दोन पावलांवर उभ्या होत्या. छोटे त्यांच्या मागं. मी ग्लास हातात धरून एकदम भिंतीकडं तोंड केलं.

दादांनी गॉगल सारखा केला.

"काढून बघितलं, ताई," ते म्हणाले. "पुन्ना लावावं लागतं."